'बाबांना साधाच पेसमेकर बसवला, चुकलं का हो आमचं?'

हा प्रश्न मी इतक्या मुलांच्या, सुनांच्या तोंडून ऐकलाय, की एक अनुभव सविस्तर लिहावासा वाटला. नावं बदलली आहेत.

सुहास पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनासाठी एकटाच आला. त्याचे वडील अण्णा, वय 74. घरात चक्कर येऊन पडले, ईसीजीत पूर्ण हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा विद्युत निरोप खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नव्हता, आणि दोन वायरींचा पेसमेकर बसला. सहा महिने सगळं ठीक होतं. मग शेजारचे काका म्हणाले, "माझा पेसमेकर चाललं की आपोआप ठोके वाढवतो. तुमचा नाही वाढवत?" तेव्हापासून अण्णा जिन्यात थांबले की सुहासच्या पोटात गोळा.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"गरज नाही म्हणाले. पण आमची ऐपत बघून म्हणाले असतील."

"आणि तुम्ही स्वतःला काय म्हणताय?"

तो बराच वेळ गप्प राहिला. "सर्वोत्तमच द्यायला हवं होतं. मुलगा म्हणून कमी पडलो."

विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर, म्हणजे मनातले हट्टी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीवर, माझी श्रद्धा आहे, ती 'सर्वोत्तमच'मधल्या या 'च'मुळेच. घटनेपेक्षा माणसाला जास्त छळतो तो हा हट्ट. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे : माहितीच चुकीची असेल, तर आधी ती दुरुस्त करावी, मग मनाकडे वळावं. पुढच्या वेळी मी अण्णांना आणि फाइलला सोबत बोलावलं.

जिने चढायला अण्णांना डॉक्टरांची परवानगी होतीच. बसल्या बसल्या सुहासनं त्यांची नाडी मोजली : 70. मग दोघं एक मजला उतरून परत चढून आले. सुहासची बोटं वडिलांच्या मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. पंधरा सेकंदांत 26 ठोके.

"म्हणजे 104," तो पुटपुटला. "वाढतात की!"

वाढणारच. हृदयाचा वेग ठरवतो तो वरच्या कप्प्यातला सायनस नोड. अण्णांचा तो शाबूत आहे, फक्त त्याचा निरोप खाली पोहोचत नव्हता. दोन वायरींचं यंत्र वरचा ठोका ऐकतं आणि खाली पोचवतं. श्रम झाले की अण्णांचं शरीर स्वतःच वेग वाढवतं, यंत्र मागोमाग जातं.

काकांचं वेगळं. त्यांचे वरचे कप्पे कायमचे फडफडत असतात, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. तिथून भरवशाचा निरोप मिळत नाही, म्हणून त्यांच्या एका वायरीच्या यंत्राला हालचालीवरून अंदाज घ्यावा लागतो. ज्यांचा सायनस नोडच मंदावलाय, जिना चढूनही नाडी साठ-पासष्टावरच अडते आणि पाय गळून जातात, त्यांनाही या सोयीचा उपयोग होऊ शकतो. एरवी नाडी नीट वाढते, फक्त अधूनमधून ठोका चुकतो, अशांना तिची फारशी गरज नसते. श्रमानं छातीत दुखणाऱ्यांच्या बाबतीत तर डॉक्टर वेगाची वरची मर्यादा जपूनच ठेवतात, कारण वेग वाढला की दुखणं उठू शकतं.

आणखी एक, जे घरच्यांना सहसा ठाऊक नसतं : पुष्कळ यंत्रांत ही सोय असते, पण बंद ठेवलेली. तपासणीच्या वेळी बाहेरूनच, काहीही न कापता, ती सुरू करता येते. म्हणून डॉक्टरांना आपला दिवस सांगा. हालचाल ओळखणाऱ्या यंत्राला व्यायामाची सायकल नीट कळत नाही, कारण पाय फिरतात पण छाती स्थिर असते. श्वासावरून अंदाज घेणाऱ्याला ती कळते.

हे सगळं ऐकून सुहास म्हणाला, "मग अण्णा जिन्यात थांबतात का?"

मी काही बोलले नाही. अण्णांकडे पाहिलं.

"अरे, गुडघा धरतो माझा," अण्णा म्हणाले. "तू कधी विचारलंस?"

सुहासचे डोळे भरून आले. इतके दिवस तो वडिलांच्या छातीवरच्या पेसमेकरच्या उंचवट्याकडेच बघत होता. काळजी एवढी मोठी झाली होती, की ज्यांची काळजी करायची त्यांनाच विचारायचं राहून गेलं. माझ्या कामात मला असे क्षण फार मोलाचे वाटतात. त्या दिवशी मी पुढे काहीच समजावलं नाही. अण्णांचा हात अजून सुहासच्या हातात होता, नाडी मोजून झाली होती तरी.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. पेसमेकरचा विषयही निघाला नाही. हाडांचे चांगले डॉक्टर कोण, एवढंच त्याला विचारायचं होतं.