नीट रिपीट करावी, की सोयाबीनचा वाण काढायला जावं?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्स झाली. नीटला मार्क कमी पडले. आम्ही लातूरला रिपीटर बॅचला घालायचं म्हणतोय, पण ती म्हणते, ‘मला लवकर निघणारं आणि जास्त उतारा देणारं सोयाबीन तयार करायचंय.’ बीएस्सी ॲग्री करून शेवटी खता-औषधाचं दुकानच ना?
– एक शेतकरी पालक, ता. औसा

नमस्कार,

नुसत्या बीएस्सीवर थांबली तर तुमची भीती खरी ठरू शकते. वाण काढायचा असेल तर ४ वर्षांची पदवी, मग २ वर्षं वनस्पती पैदासशास्त्रात एमएस्सी आणि पुढे पीएचडी, असा लांबचा पल्ला आहे. तेवढी वर्षं शिकवायची घरची तयारी आहे का, हे आधी ठरवा.

तिने धरलेला प्रश्न मात्र पक्का आहे. ‘जेएस ३३५’ हा १९९४चा जबलपूरचा वाण साधारण ९५ ते १०० दिवसांचा. ‘जेएस ९५-६०’ त्याच्या दहा-बारा दिवस आधी निघतो. हलक्या रानात पावसाने ओढ दिली की हेच दिवस पीक वाचवतात, शिवाय मागून पेरायच्या हरभऱ्याला ओल सापडते. पण दिवस घटले की शेंगा भरायला वेळ कमी मिळतो आणि उतारा घसरतो. भारी जमिनीत लोक ‘फुले संगम’सारखा उशिराचा वाण उगाच धरत नाहीत. त्यात लवकरचा वाण नेमका पावसात काढणीला आला तर दाणे शेंगेतच मोडावतात. म्हणजे दिवसही कमी हवेत आणि उताराही हवा, ही ओढाताण सोडवणं हेच पैदासकाराचं काम.

हे काम लॅबमधल्या पांढऱ्या कोटाचं कमी आणि चिखलाचं जास्त. सोयाबीनचं फूल जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं, आणि ते उमलायच्या सुमारास आतल्या आत फळून मोकळं होतं. म्हणून आदल्या दिवशीची कळी धरायची, चिमट्याने पाकळ्या काढायच्या, दहाही पुंकेसर खुडायचे, मधल्या कुक्षीला धक्का न लावता दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे आणि दोरा बांधायचा. यातल्या बऱ्याच कळ्या गळून जातात. मादी पांढऱ्या फुलाची आणि नर जांभळ्या फुलाचा घेतला, तर पुढच्या हंगामात ज्या झाडाला जांभळं फूल येईल तेच खरं संकरित. पांढरं आलं तर मेहनत वाया. तिथून पुढे पिढ्यान् पिढ्या निवड, मग स्थानिक आणि देशपातळीवरच्या चाचण्या. वाण शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत सहज दहा वर्षं जातात.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. परभणी, अकोला, राहुरी ही विद्यापीठं, इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था, पुण्याची आघारकर संस्था इथे सोयाबीनवर काम चालतं. पण जागा थोड्या आणि भरती रखडते. त्यासाठी कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाच्या नेट आणि एआरएस (कृषी संशोधन सेवा) परीक्षा आहेत. खासगी बियाणे कंपन्या जास्त पैसा घालतात मका, कापूस, भाजीपाल्यात. कारण उघड आहे: सोयाबीनचं बियाणं तुम्ही घरचंच राखून पेरता, संकरित मक्याचं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. त्यामुळे सोयाबीन शिकून टोमॅटोवर काम करायची वेळ येऊ शकते. कसब तेच लागतं, पगारही बरा असतो, पण हे तिला आजच माहीत असू द्या.

माझं मत: मन नसताना रिपीट करायला लावू नका. तिने एमएचटी-सीईटी दिली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ॲग्रीचा प्रवेश त्या गुणांवर होतो. दिली असेल तर परभणी विद्यापीठाचं लातूरचं कृषी महाविद्यालय पसंतीक्रमात वर ठेवा, घरापासून जवळ पडेल.

आणि यंदा पेरणीला तिला चार-चार तास (ओळी) द्या, दोन वाणांचे, शेजारी शेजारी. पहिलं फूल कधी, शेंगा किती, पानं कधी पिवळी पडली, काढणी कितव्या दिवशी, हे सगळं तिने वहीत लिहायचं. ऑगस्टच्या उघडिपीत ती आपणहून वही घेऊन रानात गेली, तर पुढच्या फीचा विचार सुरू करा.