स्काउट कॅम्पवर पोराला उठाबशा काढायला लावल्या, काय चुकलं? माझं उत्तर

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नंतर येणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुमचा अकरा वर्षांचा मुलगा इथे अमेरिकेत स्काउट्समध्ये गेला, त्याच्यासोबत तुम्हीही असिस्टंट स्काउटमास्टर म्हणून नाव नोंदवलंत. दुसऱ्याच कॅम्पआउटला एका बारा वर्षांच्या पोराने डिओचा कॅन शेकोटीत टाकला, तुम्ही धावत जाऊन सगळ्यांना मागे खेचलंत, मग त्या पोराला एकट्याला झाडांमागे नेऊन झापलंत आणि परत आणून सगळ्यांसमोर वीस उठाबशा काढायला लावल्यात. स्काउटमास्टर म्हणाले दोन्ही गोष्टी चालत नाहीत, पोराच्या आईचाही फोन आला. आता तुम्ही विचारताय की वीकेंड देऊन फुकट काम करणाऱ्या माणसाकडे असं संशयाने का बघतात, आणि शिक्षा करायचीच नाही तर शिस्त लावायची कशी.

मी तेरा वर्षं ट्रूपमध्ये (स्काउट मुलांच्या स्थानिक गटात) आहे, माझे दोन्ही मुलगे त्यातून मोठे होऊन बाहेर पडले, मी राहिले. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा हे, की मुलांना मागे खेचलंत ते शंभर टक्के बरोबर केलंत. बंद डबा तापला की आतला दाब वाढत जातो आणि डबा फुटतो, पत्रा उडतो, आतला गॅस पेटतो, आणि शेकोटीभोवती बसलेल्या पोरांचे चेहरे नेमके त्या उंचीला असतात. तिथे ओरडलात, हात धरून ओढलंत, ते सगळं योग्य. कोणाचा जीव धोक्यात असताना मोठ्या माणसाने सभ्य आवाजात बोलायची वाट बघू नये. गडबड त्यानंतरच्या पाच मिनिटांत झाली.

झाडांमागे नेण्याबद्दल. तुमचा हेतू चांगला होता हे मला पोस्ट वाचूनच कळतं, चारचौघांत ओरडण्यापेक्षा बाजूला घेऊन बोलावं हा आपल्याकडचा समजूतदारपणाच आहे. पण इथला नियम असा की कुठल्याही लीडरने एका मुलासोबत एकटं असायचं नाही, स्वतःचा मुलगा सोडून. खाजगी बोलायचंच असेल तर दुसऱ्या मोठ्यांना किंवा मुलांना दिसेल अशा जागी बोलायचं. आमच्याकडे आम्ही म्हणतो, दिसलं पाहिजे, ऐकू आलं नाही तरी चालेल. पिकनिक टेबलाच्या त्या टोकाला बसा, दुसरा लीडर वीस फुटांवर कॉफी करत उभा असू दे, झालं. पोराची लाजही राखली जाते आणि नियमही.

हा नियम आला कुठून ते माहीत असलं की त्याचा राग येत नाही, म्हणून सांगते. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका (फेब्रुवारी २०२५ पासून नाव स्काउटिंग अमेरिका) ही संस्था अनेक दशकं अत्याचाराचा आरोप असलेल्या लीडर लोकांच्या फायली आतल्या आत ठेवत होती. त्यातल्या १९६५ ते १९८५ या काळातल्या बाराशेहून जास्त फायली २०१२ मध्ये ओरेगनच्या कोर्टाच्या आदेशाने लोकांसमोर आल्या. कितीतरी प्रकरणांत पोलिसांना कळवलंच नव्हतं, माणसाला गुपचूप काढून टाकलं आणि तो दुसऱ्या गावात जाऊन परत लीडर झाला असंही झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली, त्यात ८२,००० हून जास्त लोकांनी लहानपणी आपल्यावर अत्याचार झाल्याचे दावे दाखल केले, आणि तडजोड ठरली २४६ कोटी डॉलरची. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा धाकटा आतल्या खोलीत सॅक भरत होता, त्याला हाक मारून उगाचच जवळ बसवलं होतं.

आणि त्या फायलींमधली माणसं कशी होती, तर बहुतेक सगळ्यांना आवडणारी, मदतीला धावणारी, आईवडिलांचा विश्वास असलेली. म्हणजे "हा माणूस चांगला आहे" या भरवशावर मुलं सुरक्षित राहत नाहीत. म्हणून नियम तुमचा स्वभाव बघतच नाही, तो सगळ्यांना सारखा लावतात, मलाही, स्काउटमास्टरलाही, डॉक्टर असलेल्या बाबांनाही. तुमच्यावर संशय घेतला असं कृपा करून समजू नका. उद्या तुमच्या मुलाला दुसरा कोणी लीडर झाडांमागे घेऊन गेला तर तुम्हाला कसं वाटेल एवढंच एकदा मनात आणून बघा.

रोजच्या कामात हा नियम कुठे कुठे आडवा येतो तेही सांगते कारण लीडर लोकांच्या मुलांच्या सुरक्षेच्या ट्रेनिंगमध्ये हे पटकन सांगून पुढे जातात. मीटिंग संपली, एका पोराचे आईवडील उशिरा येतायत, तर दोन लीडरनी थांबायचं, एकाने नाही. आपल्या लोकांना सवय असते, "चल रे मी सोडतो घरी", तेही नाही, गाडीत तुम्ही आणि दुसऱ्याचा एकच मुलगा असं चालत नाही, वाटेत शेवटी कोण उतरणार हे आधीच ठरवा. मेसेज पाठवला तर त्यात पालक किंवा दुसरा लीडर हवाच, व्हॉट्सअ‍ॅपलासुद्धा. ट्रूपमध्ये तंबूत मुलांसोबत मोठं कोणी झोपायचं नाही, आईवडीलसुद्धा नाही, आणि एका तंबूतल्या मुलांच्या वयात दोन वर्षांपेक्षा जास्त फरक नको. प्रत्येक कार्यक्रमाला २१ वर्षांच्या वरचे दोन नोंदणी केलेले लीडर लागतात, मुली असतील तर त्यातली एक बाई पाहिजे. सप्टेंबर २०२३ पासून ट्रूपच्या कॅम्पवर रात्री राहणारा प्रत्येक मोठा माणूस नोंदणी आणि ट्रेनिंग झालेलाच लागतो, त्यामुळे "मी फक्त एक रात्र येतो" म्हणणाऱ्या बाबांना नाही म्हणावं लागतं, वाईट वाटतं, पण म्हणावं लागतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. दुसऱ्या वर्षी कॅम्पला रात्री साडेबाराला एक पोरगं रडत माझ्या तंबूबाहेर आलं, घरची आठवण आली होती. आई म्हणून पहिला विचार हाच आला की त्याला आत घ्यावं, पांघरूण द्यावं. मी बाहेर आले, शेजारच्या तंबूतल्या लीडरला हाक मारून उठवलं, कंदील लावला आणि आम्ही तिघं टेबलापाशी हॉट चॉकलेट पीत बसलो, अर्ध्या तासाने तो शांत होऊन झोपायला गेला. पोराला काही कमी पडलं नाही, माया कमी करा असं नियम कुठेच म्हणत नाही.

आता उठाबशा. मी साताऱ्याकडच्या शाळेत गाईड होते, पाचवीपासून. शिट्टी वाजली की रांग, स्कार्फ नीट नसेल तर मैदानाला फेऱ्या, खरी कमाईचे पैसे कमी आले तर बोलणी, हे सगळं मी पण बघितलंय आणि आमच्या गाईडच्या बाईंवर माझं प्रेम होतं, अजून आहे. पण "आपल्याकडे चालतं" हे आता आपल्याकडेही खरं नाही. भारतात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. इथे स्काउट्समध्ये तर स्पष्ट लिहिलंय की शारीरिक शिक्षा कधीच नाही, आणि एकटं पाडणं, अपमान करणं, टिंगल करणं असल्या शिक्षाही नाहीत. सगळ्यांसमोर वीस उठाबशा म्हणजे दोन्ही एकदम झालं. पुशअप्स काढायला लावणंही यातच येतं, काही जुने अमेरिकन लीडर अजून करतात, तेही चुकीचंच.

आणि मला नियमापेक्षा दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या उठाबशांनी पोरगं डब्याबद्दल काय शिकलं? काहीच नाही. त्याला रात्रभर आठवलं असेल ते फक्त बाकीच्यांचं हसणं. पुढच्या वेळी तो तुम्ही नसताना टाकेल, आणि तेव्हा मागे खेचायला कोणी नसेल.

मग करायचं काय. स्काउट्सची मूळ रचनाच अशी आहे की मुलांना मुलं चालवतात. स्काउट्स सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलने ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हाच वीसेक मुलांचे चार गट केले होते आणि प्रत्येक गटाला एक मुलगाच नायक होता. आजही तेच, प्रत्येक छोट्या गटाचा (पॅट्रोलचा) नायक पॅट्रोल लीडर, त्यांच्यावर सीनियर पॅट्रोल लीडर, ही सगळी मुलंच. आमच्याकडे मागे एका पोराने चाकू उघडा धरून दुसऱ्याच्या मागे धावायचा खेळ केला. चाकू लगेच मी काढून घेतला, ते मोठ्यांचं काम. पण पुढचं पंधरा वर्षांच्या सीनियर पॅट्रोल लीडरने केलं, आम्ही दोघं लीडर जवळ उभे होतो, एक शब्द बोललो नाही. त्याने विचारलं काय झालं, तुझ्या हातून त्याला लागलं असतं तर काय केलं असतंस, आणि त्याचं टोटिन चिप कार्ड घेतलं, म्हणजे चाकू-कुऱ्हाड वापरायचा हक्क गेला. परत मिळवायचा तर सगळं पुन्हा शिकायचं आणि नव्या मुलांना शिकवून दाखवायचं. तीन आठवड्यांनी त्या पोराने इतकं मन लावून शिकवलं की मी त्याच्या आईला फोन करून सांगितलं. आगीसाठीही असंच कार्ड असतं, फायरमन चिट. त्या डिओवाल्या पोराचं उत्तर तिथेच होतं, जी चूक केली त्याच्याशीच जोडलेला परिणाम.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, मुलं मुलांना चालवतात याचा अर्थ सुरक्षा पण मुलांवर सोडायची असा नाही. मी कित्येक नवीन लीडर बघितलेत, आणि पहिली दोन वर्षं मीही त्यातलीच, जे भात करपला की धावत जातात, तंबू वाकडा लागला की स्वतः लावून देतात, आणि तंबूतून एखाद्या पोराला उच्चारावरून किंवा डब्यातल्या जेवणावरून चिडवल्याचा आवाज आला की "मुलं आहेत, मिटवतील आपापसात" म्हणून बसून राहतात. हे उलटं पाहिजे. भात करपू दे, खातील करपलेला. चिडवणं, ढकलाढकली, नवीन मुलाला "परीक्षा" म्हणून काहीतरी करायला लावणं, तिथे मात्र ताबडतोब उठायचं.

पाणी, आग, गाडी, औषधं, इथेही कुणाचं मत विचारायचं नाही. पोहण्याचे आठ नियम आहेत, सेफ स्विम डिफेन्स, पोहण्याची चाचणी घेऊन गट पाडायचे, दोघादोघांची जोडी, साधारण दर दहा मिनिटांनी जोड्या मोजायच्या, काठावर नजर ठेवणारा वेगळा माणूस, आणि आठवा नियम शिस्त, म्हणजे शिट्टी वाजली की बाहेर. हेल्थ फॉर्म प्रत्येकाचा लागतो, ७२ तासांपेक्षा मोठा कॅम्प असेल तर डॉक्टरची सही असलेला भागही. तो फॉर्म वाचा हो, नुसता फाइलला लावू नका. आमच्याकडे एका आईने प्रेमाने सगळ्यांसाठी शेंगदाण्याची चिक्की पाठवली होती आणि दोन मुलांना शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी, एक जण वाचून होता म्हणून डबा बसमध्येच बाजूला निघाला. त्याच फॉर्मवरून हेही कळतं की एखादं पोर शाळेच्या दिवशी औषध घेतं आणि वीकेंडला घरचे देत नाहीत. तुमचा डिओवाला पोरगा रात्री दहाला अंगात वारं शिरल्यासारखा का वागत होता ते आईला शांतपणे विचारा, मला वाटतं काहीतरी कळेल.

आणि जे कॅम्पवर अचानक समोर येतं आणि कोणी तयार नसतं ते. एखादं मूल म्हणेल, "तुम्हाला सांगतो, पण कोणाला सांगायचं नाही". असं वचन कधीही देऊ नका. "तुला सुरक्षित ठेवायला लागेल त्या माणसाला मी सांगेन", एवढंच म्हणा आणि ऐका, खोदून प्रश्न विचारू नका. अत्याचाराची शंका आली की तुम्ही स्वतः, त्याच दिवशी, पोलिसांना किंवा बालसंरक्षण खात्याला कळवायचं, आणि मग कौन्सिलला, म्हणजे ट्रूपच्या वरच्या स्थानिक स्काउट कार्यालयाला. ट्रूपमधल्या दुसऱ्या कोणाला सांगितलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. भारतात काम करणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. "शाळेचं नाव जाईल" म्हणून दाबलेलं मी लहानपणी बघितलंय. ती मुलगी माझ्या वर्गात होती.

आता तुमच्यापुरतं. स्काउटमास्टरना आजच फोन करा आणि म्हणा, मला ट्रेनिंग पुन्हा करायचंय, आणि मुलाच्या आईशी आपण दोघं मिळून बोलू. आईला सबब सांगू नका. डबा किती धोकादायक होता ते सांगा, आणि उठाबशा माझी चूक होती, परत होणार नाही, हेही त्याच दमात सांगा. मग सोमवारच्या मीटिंगला त्या पोरालाही सांगा, सगळ्यांना दिसेल अशा टेबलावर बसून, "मी घाबरलो होतो, तुला काही झालं असतं म्हणून, पण तुला सगळ्यांसमोर तसं करायला लावायला नको होतं". मोठा माणूस माफी मागतोय हे बारा वर्षांच्या पोराने क्वचितच बघितलेलं असतं. फायरमन चिटचं सीनियर पॅट्रोल लीडरवर सोपवा. आणि तुमच्या स्वतःच्या मुलाशी पण बोला, त्या रात्री तोही तिथेच बघत उभा होता ना, त्याबद्दल तुम्ही पोस्टमध्ये काहीच लिहिलं नाहीये.