वाचकांचे प्रश्न: डोंगरावरच्या गावात गाडी लावायची कुठे?

या वेळी निवडलेले प्रश्न बडोद्याहून स्वतःची गाडी घेऊन डोंगरावर जाणाऱ्यांचे आहेत. पार्किंगचे दर आणि शटलच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून ते आकडे इथे दिलेले नाहीत. निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून विचारा.

दिवाळीनंतर दोन रात्री माथेरानला जायचं आहे. सोबत सासूबाई (वय ७४, गुडघ्यांचा त्रास) आणि दोन मुलं. गाडी हॉटेलपर्यंत जात नाही म्हणतात. मग ठेवायची कुठे आणि पुढे जायचं कसं?
*— एक वाचक, मांजलपूर*

माथेरानमध्ये पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे. तुमची गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत जाईल. नेरळहून तिथपर्यंतचा घाट आठेक किलोमीटरचा आहे, आणि नाक्यापासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर आत. नाक्यावरच पैसे देऊन गाडी ठेवायचं मोठं मैदान आहे. रात्री मुक्काम आहे हे पावती घेतानाच सांगा, पावतीचा फोटो काढून ठेवा. पुढे प्रवेशकर भरावा लागतो, तेव्हा थोडे सुटे पैसे वरच्या खिशात असू द्या.

सासूबाईंसाठी सर्वांत सोयीची अमन लॉज ते माथेरान ही शटल, म्हणजे छोटी रेल्वेगाडी. अमन लॉज स्टेशन नाक्यापासून थोडंसंच चालून येतं आणि शटल थेट बाजारपेठेत सोडते. अडचण एवढीच की डबे लहान, जागा मोजक्या आणि सुट्टीत तिकिटाची रांग लांब. घरातल्या एकाने उतरल्याबरोबर खिडकी गाठावी, बाकीच्यांनी सामान काढावं. सगळे मिळून सामान काढत बसलात तर एक फेरी हमखास हातची जाते.

दुसरा पर्याय ई-रिक्षाचा. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. तो देताना न्यायालयाने नमुना म्हणून दाखवला तो आपल्या बडोद्याशेजारच्या केवडियातल्या ई-रिक्षांचा. माथेरानमधल्या ई-रिक्षा मात्र संख्येने थोड्या आहेत, त्यामुळे गर्दीच्या दिवशी त्यांच्यावरच विसंबू नका. घोडा मुलांना आवडेल, पण दुखऱ्या गुडघ्यांना चढणं-उतरणं नको.

नाक्यावर उतरताच चार जण भोवती जमतात. 'शटल आज बंद आहे', 'तुमचं हॉटेल फार लांब आहे' हे ठरलेले संवाद. कधी घाटातच हात दाखवून 'वर पार्किंग फुल्ल' असंही सांगतात. पोलीस किंवा पावती देणारा कर्मचारी सांगत नाही तोवर गाडी पुढे न्या, आणि शटल चालू आहे की नाही ते खिडकीवरच विचारा.

आता हॉटेलचं. 'पार्किंग आहे का?' हा प्रश्न माथेरानला निरर्थक आहे. 'माथेरान स्टेशनपासून चालत किती मिनिटं, रस्ता चढाचा की सपाट आणि स्टेशनवर हमाल पाठवता का?' हे तिन्ही विचारा. स्वस्तात मिळालेली लांबची खोली दोन दिवसांच्या घोड्या-हमालांत महाग पडते. चाकांच्या बॅगा घरी ठेवा. लाल मातीत आणि दगडांत चाकं पहिल्या दिवशीच तुटतात. पाठीवरच्या सॅक घ्या, आणि एका सॅकमध्ये औषधं, पाणी, स्वेटर एवढंच भरा.

सर्वांत महत्त्वाची आहे ती वेळ. शनिवारी दुपारी नेरळला पोहोचलात तर मैदान भरलेलं असतं आणि गाड्यांची शेपटी घाटात उतरलेली असते. एक तर सकाळी नऊच्या आत पोहोचा, नाहीतर गर्दी खाली उतरते तेव्हा, म्हणजे रविवारी दुपारनंतर वर जा. बडोद्याहून अंतर चारशे किलोमीटरच्या वर असल्याने सकाळी नऊ गाठायचे तर आदल्या रात्री कल्याण-बदलापूरच्या बाजूला मुक्काम करावा लागेल. आम्हाला विचाराल तर रविवारची दुपार बरी.

घाट ठप्पच दिसला तर वर जाण्याचा हट्ट सोडा. नेरळ स्टेशनच्या आसपास पैसे घेऊन गाडी ठेवू देतात. पावती मिळेल तीच जागा निवडा आणि शेअर टॅक्सीने दस्तुरीला जा. त्या टॅक्सीवाल्यांचा हात त्या वळणांवर रोजचा बसलेला असतो. घाट तीव्र चढाचा आहे. गर्दीत अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरली की क्लचप्लेट जळते आणि जळका वास येतो. पुढच्या गाडीत एका गाडीचं अंतर सोडा, थांबलात की हँडब्रेक ओढून न्यूट्रल करा. वास आलाच तर रुंद जागा बघून पंधरा-वीस मिनिटं थांबा.

आणि गाडी न्यायलाच हवी का, हेही एकदा ठरवा. बडोद्याहून दादर, तिथे पूल ओलांडून मध्य रेल्वेची कर्जत किंवा खोपोली लोकल आणि नेरळला उतरणं हा मार्ग आहेच. दोन दिवस गाडी दस्तुरीला नुसती उभीच राहणार आहे. सासूबाईंना दादरचा जिना जमणार नसेल तर मात्र गाडीच बरी.

लाभपंचमीपर्यंत दुकान बंद, म्हणून दरवर्षीसारखे माउंट अबूला निघालो आहोत. तिथे 'नक्की' नावाच्या तलावाजवळ गाडी फिरवण्यातच संध्याकाळ जाते. काही युक्ती?
*— एक व्यापारी वाचक, रावपुरा*

पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत अर्धा गुजरात अबूवरच असतो, त्यामुळे तलावाच्या काठी जागा मिळेल ही आशाच सोडा. पार्किंग असलेलं हॉटेल घ्या, आणि फोनवर 'पार्किंग आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. आवारात आहे की समोरच्या रस्त्यावर, खोल्या किती आणि गाड्या किती मावतात, तेही विचारा. वीस खोल्यांना सहा गाड्यांची जागा असेल तर संध्याकाळी सातला परतणाऱ्याची गाडी रस्त्यावरच. मुक्कामावर पोहोचलात की गाडी तिथेच ठेवा आणि तलावाकडे पायी जा. दिवसभरासाठी येणाऱ्यांनी पोलो ग्राउंड, बसस्टँड या पट्ट्यात जागा शोधून पुढे चालावं.

गाडी बाहेर काढायची ती सकाळी, आणि तीही एका फेरीत सगळं उरकेल अशी. दिलवाडा, अचलगड आणि गुरुशिखर ही तिन्ही ठिकाणं शहराच्या एकाच बाजूला आहेत. बहुतेक लोक नाश्ता करून दिलवाड्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. जैनेतर पर्यटकांना दिलवाड्याच्या जैन देवळांत दुपारी बारानंतर सोडतात, सहापर्यंत. म्हणून उलट करा. सात-साडेसातला निघून आधी थेट गुरुशिखर. ते १७२२ मीटर उंच, अरवलीचं सर्वोच्च टोक. गाडी पायऱ्यांच्या खाली ठेवायची. शेवटचा रस्ता अरुंद आहे आणि उशिरा गेलात तर उतरणाऱ्या गाड्या समोर येऊन कोंडी होते. पोहोचल्यावर आधी गाडी वळवून, तोंड उताराकडे करून लावा. परतताना अचलगड, आणि बाराच्या सुमारास दिलवाडा. तिथे मोबाइल, कॅमेरा आणि चामड्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत. त्या गाडीच्या सीटवर उघड्या टाकू नका, डिकीत ठेवा. आणि डिकीत ठेवायच्या त्या देवळापाशी पोहोचण्याआधी, चार लोकांसमोर नव्हे.

सनसेट पॉइंटला गाडी अलीकडेच थांबते, पुढे चालायचं. लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर ढकलायच्या हातगाड्या भाड्याने मिळतात. सूर्य बुडाल्यावर सगळ्या गाड्या एकदम सुटतात. तेव्हा वीस मिनिटं तिथेच मक्याचं कणीस खात बसलात तर काही बिघडत नाही.

उतारावर गाडी लावताना नुसता हँडब्रेक पुरतो का? आमची नवी गाडी ऑटोमॅटिक आहे. 'पी'मधून काढताना मोठा 'खट्' आवाज येतो.
*— एक वाचक, कारेलीबाग*

हँडब्रेक एकटा पुरत नाही. तुमच्या 'खट्'चं कारण म्हणजे क्रम उलटा होतोय. 'पी'मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक छोटी खिट्टी दातात अडकते. तुम्ही आधी 'पी' टाकून पायाचा ब्रेक सोडता, गाडी थोडी सरकते आणि सगळं वजन त्या खिट्टीवर येतं. मग ती काढताना आवाज होतो, कधी लिव्हर अडकतोही. क्रम असा ठेवा: पायाचा ब्रेक दाबून 'एन' (न्यूट्रल), मग हँडब्रेक पूर्ण ओढा, मग पाय हळूच सैल करा म्हणजे गाडी हँडब्रेकवर बसेल. पुन्हा पाय दाबून 'पी', मग इंजिन बंद. निघताना पायाचा ब्रेक दाबून आधी 'पी' काढा, हँडब्रेक नंतर.

साध्या गिअरच्या गाडीत तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. हा गिअर इंजिन बंद केल्यावर टाकून ठेवायचा.

आता चाकं. गाडी सुटलीच तर ती कशाला जाऊन टेकेल याचा विचार करायचा. डाव्या हाताला डोंगराची भिंत असेल तर, तोंड कुठेही असलं तरी, स्टिअरिंग डावीकडे वळवा. गाडी भिंतीलाच घासेल. पदपथाची कड असेल आणि तोंड चढाकडे असेल तरच उजवीकडे, म्हणजे पुढच्या टायरची मागची बाजू कडेला टेकते. डाव्या हाताला दरी असेल तर तिथे लावूच नका, जागा कितीही छान दिसो.

टायरमागे दगड लावायला हरकत नाही. मात्र निघताना तो उचलून कडेला टाका. रस्त्यात सोडलेला दगड अंधारात एखाद्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेततो. जागा अपुरी म्हणून कुणी 'न्यूट्रलला ठेवून जा, आम्ही ढकलून घेऊ' म्हणालं तर सपाट जागेवर चालेल, उतारावर स्पष्ट नाही म्हणा.

पावसात दोन-तीन दिवस गाडी उभी राहणार असेल आणि जागा खरोखर सपाट असेल तर हँडब्रेक न ओढता गिअर आणि दगडांवर ठेवा. मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये ओल शिरली की लायनिंग चिकटून बसतं आणि चाक जाम होतं. झालंच तर ॲक्सिलरेटर दाबून ओढू नका. हळूच पुढे, हळूच मागे केलं की सुटतं.

आणखी एक: पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम बॅटरी उतरवतो. त्याची वायर काढून जा.

पावागडला माचीपर्यंत स्वतःची गाडी नेता येते का?
*— एक वाचक, दांडिया बाजार*

रविवारी, पौर्णिमेला आणि दोन्ही नवरात्रांत नेता येणार नाही असंच धरून चला. गर्दीच्या दिवशी खासगी गाड्या पायथ्याशी चांपानेरलाच थांबवतात आणि माचीपर्यंत एसटी बसची ये-जा असते. एरवी जाता येत असलं तरी वर जागा थोडी. बडोद्याहून जेमतेम पन्नास किलोमीटर, तेव्हा साध्या वारी पहाटे निघा. रोपवे माचीहून सुटतो, पण देवळाच्या दारात सोडत नाही, वरच्या पायऱ्या उरतातच. वारा जोराचा असला की तो बंद ठेवतात. गाडी खाली ठेवावी लागलीच तर बस पकडण्याआधी चांपानेरची जामा मशीद बघून घ्या. हे सगळं २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि पावागडला गेलेले बडोदेकर ते न बघताच परततात.

गाडी सीएनजीवर आहे. सापुताऱ्याच्या घाटात त्रास होईल का? आणि माकडांचं काय?
*— एक वाचक, अलकापुरी*

सीएनजीवर गाडीची ताकद थोडी कमी पडते. चार माणसं आणि सामान असेल तर वघईहून घाट सुरू होण्याआधी पेट्रोलवर घ्या. त्यासाठी टाकीत किमान दहा लिटर पेट्रोल हवं. काटा लाल रेषेवर ठेवून फिरायची सवय इथे नडते. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, सारखा ब्रेक दाबून धरला की तो तापून पकडेनासा होतो. पावसाळ्यात धुकं असतं. तेव्हा हेडलाइट खाली, आणि रस्त्याच्या कडेला फोटोसाठी गाडी लावणं अजिबात नाही. मागच्याला तुमची गाडी दिसत नाही. तलावाकाठी मोकळी जागा भरपूर आहे, शनिवार-रविवार सोडून चिंता नाही.

माकडं काचेतून दिसणाऱ्या पिशवीवर येतात. आत केळी नसली तरी पिशवी दिसली की पुरे. मग वायपरचं रबर आणि एरिअलही ओढून बघतात. सीटवर काहीही ठेवू नका, काचा आणि सनरूफ पूर्ण बंद करा, आणि मुलांना गाडीशेजारी उभं राहून वेफर्स खाऊ देऊ नका.