डॉक्टरांना विचारा : टेपखालचा काळा डाग आणि घरातली ट्यूब

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा ६ वर्षांचा आहे, त्याला ब्लड कॅन्सर आहे (एएलएल), केमो चालू आहे. मागच्या आठवड्यात सलाईनची सुई काढली तिथे टेपच्या खाली लाल फोड आला आणि दोन दिवसांत मधोमध काळा पडला. दुखतं म्हणतो, ताप नाहीये. पांढऱ्या पेशी ३०० आल्यात. गावातल्या डॉक्टरांनी ट्यूब दिली, सासूबाई म्हणतात औषधांची उष्णता आहे, हळद लाव. कॅन्सरच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या गुरुवारी आहे तोपर्यंत थांबलं तर चालेल का? हा कोरोनातला काळा फंगस तर नाही ना?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, नाही, थांबायचं नाही. तुम्हाला हे मेसेज आला त्याच दिवशी कळवलंय, इथे छापतोय ते बाकीच्या आईबाबांसाठी, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत फार येतो.

पांढऱ्या पेशी एवढ्या खाली असताना कातडीवर नवीन काळा, जांभळा किंवा राखाडी डाग दिसला तर तो त्याच दिवशी केमो चालू आहे त्या हॉस्पिटलमध्ये दाखवायचा, रात्र असली तरी, रविवार असला तरी. ताप नाही म्हणून निश्चिंत राहू नका. आणि पू नाही, फार सूज नाही म्हणजे साधंच असेल असं अजिबात धरू नका, कारण पू होतो तोच मुळात पांढऱ्या पेशींमुळे, त्या लढायलाच नसल्या तर आत बरंच पसरलेलं असतं आणि वरून मात्र रुपयाएवढा डाग दिसतो.

हो, तो काळा फंगस, म्हणजे म्युकर, असू शकतो. २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी तो नाक, डोळे आणि जबड्याचा बघितला पण तो कातडीतही होतो, सुई टोचलेली जागा, चिकटपट्टीखाली ओली राहिलेली कातडी, छोटी जखम अशा ठिकाणी. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त गोठतं, पुढच्या भागाला रक्तच मिळत नाही आणि कातडी मरते, तो काळा रंग मेलेल्या कातडीचा असतो. अस्परजिलस आणि फ्युजेरियम या बुरश्याही असंच करतात. आणि हुबेहूब असाच डाग स्यूडोमोनास नावाच्या बॅक्टेरियानेही येतो, त्याचं औषध पूर्ण वेगळं.

म्हणून नुसतं बघून कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, मीही नाही. त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. अर्धा तुकडा मायक्रोस्कोपखाली आणि अर्धा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, जायला हवा, हे तुम्ही स्वतः विचारून घ्या, कारण कधीकधी गडबडीत पूर्ण तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे जंतू मारणाऱ्या रसायनात, जातो आणि मग कल्चर होतच नाही. मायक्रोस्कोपचा पहिला अंदाज काही तासांत येतो, कल्चरला दिवस लागतात, पण औषध तोपर्यंत थांबवत नाहीत. म्युकर असेल तर अॅम्फोटेरिसिन, तेच इंजेक्शन ज्याच्यासाठी कोरोनात लोक वणवण फिरत होते, सोबत किडनी आणि पोटॅशियमवर लक्ष, आणि बहुतेक वेळा सर्जन मेलेला भाग कापून काढतात. हे ऐकून पोटात गोळा येतो मला माहीत आहे, पण डाग छोटा असताना काढणं आणि अर्धा हात गेल्यावर काढणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

अजून एक, कोणी घाईत बुरशीच्या गोळ्या लिहून दिल्या तर त्या सुरू करण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही, आणि व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल या गोळ्या व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाबरोबर घेतल्या तर व्हिन्क्रिस्टिनचा त्रास खूप वाढतो, नसांना इजा होते, पोट जाम होतं.

हळद नको, ट्यूब तर नकोच. सासूबाईंचा जीव तुटतोय म्हणूनच त्या सांगतायत, पण उघड्या कातडीवर स्वयंपाकघरातली पूड गेली की त्यातले जंतूही जातात. आणि ही तुमची चूक होती असं कृपया मनात आणू नका. २००८-०९ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एका मुलांच्या हॉस्पिटलमध्ये आधीच खूप आजारी असलेल्या पाच मुलांना कातडीचा म्युकर झाला, पाचही दगावली, आणि शोध घेतल्यावर धागा हॉस्पिटलच्याच चादरी-कपड्यांपर्यंत पोचला. बुरशीचे कण माती, ओल आलेली भिंत, सडलेलं फळ, बांधकामाची धूळ सगळीकडे असतात. आपण एवढंच करू शकतो की टेप ओली झाली की लगेच बदलून मागायची आणि रोज आंघोळीच्या वेळी टेपच्या कडा, काखा, जांघा, नखांच्या बाजू उजेडात नीट बघायच्या.

प्रश्न : मुलीची किडनी बदललीये, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस चालू आहे. मांडीवर गजकर्ण झालंय, घरात सगळ्यांनाच आहे. मेडिकलमधून ट्यूब आणली तर चालेल?
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर : दादा, गजकर्ण वरच्या काळ्या डागासारखं तातडीचं नाही, पण मेडिकलवाल्याकडची ट्यूब नको. बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टिरॉइड असतं, खाज दोन दिवसांत थांबते म्हणून लोक खूश होतात आणि बुरशी आतून पसरत राहते. गोळ्याही स्वतःहून देऊ नका, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोलने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते आणि त्याचा मार नव्या किडनीला बसतो. किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच कातडीच्या डॉक्टरांकडे जा, मुलीचा टॉवेल आणि कपडे वेगळे करा, आणि घरातल्या सगळ्यांची ट्रीटमेंट एकाच वेळी सुरू करा, नाहीतर तिचं बरं झालेलं घरातूनच परत येईल.