जॅझमधला ‘कोरस’: समूहगीत नव्हे, आवर्तन

प्रश्न थोडक्यात असा आहे. ड्रमर आर्ट ब्लेकी आणि त्याचा संच जॅझ मेसेंजर्स यांच्या ‘मोनिन’ या रचनेवरच्या इंग्रजी टिपणाचा एक वाचक मराठी अनुवाद करत आहेत. त्यांचं एक वाक्य असं झालंय: ‘शीर्ष वाजवून झाल्यावर ली मॉर्गन दोन समूहगीते वाजवतो.’ वाक्य खटकतंय, पण ‘हेड’ला आणि ‘कोरस’ला दुसरं काय म्हणायचं ते सुचत नाही. ‘कॉल अँड रिस्पॉन्स’साठी, म्हणजे एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी प्रतिसाद द्यायचा यासाठी, त्यांनी ‘सवाल-जवाब’ वापरलाय, तो चालेल का, असंही त्यांनी विचारलंय.

आधी ‘कोरस’, कारण खरी अडचण तिथेच आहे. मराठीत कोरस म्हटलं की डोळ्यांपुढे एकत्र गाणारी माणसं येतात. जॅझच्या बोलीत मात्र एकटा ट्रम्पेटवाला ‘दोन कोरस’ वाजवतो आणि त्यात समूह कुठेच नसतो. याचं मूळ जुन्या अमेरिकन नाट्यगीतांत आहे. त्या गाण्यांचे दोन भाग असायचे: सुरुवातीला प्रस्तावनेसारखा ‘व्हर्स’ आणि मग मुख्य गाणं म्हणजे ‘कोरस’, बहुतेक वेळा ३२ बारांचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट). वादकांनी प्रस्तावना बहुधा सोडून दिली आणि तो ३२ बारांचा भागच पुन्हा पुन्हा वाजवत त्यावर विस्तार करायला सुरुवात केली. त्यामुळे त्या आराखड्याची एक पूर्ण फेरी म्हणजे एक कोरस, असा अर्थ रूढ झाला.

फेरी पूर्ण करून पुन्हा पहिल्या मात्रेवर यायचं, याला आपल्याकडे शब्द आहे: आवर्तन. मी तोच वापरतो आणि तो चपखल आहे असं माझं ठाम मत आहे. ३२ बार, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे ‘मोनिन’चं एक आवर्तन १२८ मात्रांचं. आकडा मोठा वाटतो, पण त्या लयीत हे आवर्तन साधारण मिनिटभराचं होतं. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांना जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, आणि ते ऐकायची आपल्या कानाला सवय आहे. आवर्तनाची लांबी रचनेनुसार बदलते. ‘मोनिन’च्याच रेकॉर्डवरचं, सॅक्सोफोनवादक बेनी गोल्सनचं ‘ब्लूज मार्च’ ब्लूज या बारा बारांच्या आराखड्यावर आहे, म्हणजे तिथे एक आवर्तन ४८ मात्रांचं.

इथे एक शंका येऊ शकते. आपलं आवर्तन तालाचं असतं, यांचं तर सुरावटीचं आणि कॉर्डांचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचं. शंका रास्त आहे, पण सोलो तबला आठवून पाहा. सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा अखंड चालू असतो, आणि तबलजी कितीही लांब गेला तरी आपण आवर्तनात कुठे आहोत ते लेहरा सांगत राहतो. जॅझमध्ये हे काम कॉर्डांची ठरलेली माळ करते. पियानो आणि बास ती माळ फिरवत राहतात, आणि ट्रम्पेटवाला तिच्यावर जे सुचेल ते बांधत जातो. ब्लेकीचा तो प्रसिद्ध प्रेस रोल, म्हणजे स्नेअर या ड्रमवर दाबून काढलेला, चढत जाणारा घोष, बरेचदा आवर्तन संपता संपता येतो आणि वादकाला पुढच्या समेवर अक्षरशः ढकलतो. हे एकदा कानात बसलं की ‘आवर्तन’ या शब्दाबद्दल शंका उरत नाही.

आता ‘हेड’. सुरुवातीला आणि शेवटी सगळे मिळून वाजवतात ती बांधलेली रचना म्हणजे हेड. ‘शीर्ष’ हा नुसता शब्दकोशातला अर्थ झाला, वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. काही जण ‘मुखडा’ म्हणतात. तो शब्द जवळचा वाटतो, पण मुखडा दर थोड्या वेळाने परत येतो, ख्यालात तर जवळजवळ प्रत्येक समेला. हेड मात्र मधल्या सगळ्या विस्तारात गैरहजर असतं आणि थेट शेवटी परततं. ‘बंदिश’ म्हणा. बांधलेली, ठरलेली, आणि जिच्या आधाराने बाकीचं सगळं उपजेतून वाजवायचं ती. दुसऱ्या उल्लेखापासून नुसतं ‘हेड’ लिहिलंत तरी चालेल.

बंदिश म्हटल्याचा आणखी एक फायदा आहे. ‘मोनिन’च्या ३२ बारांची रचना अ-अ-ब-अ अशी आहे, प्रत्येक भाग आठ बारांचा. यातल्या ‘अ’ला अस्ताई आणि ‘ब’ला अंतरा म्हणता येतं. या रचनेला तर ते अगदी शोभतं, कारण पियानोवादक बॉबी टिमन्सकडे आधी फक्त अस्ताई होती! दोन गाण्यांच्या मधल्या वेळात तो ते आठ बार सहज वाजवत असे. गोल्सनने त्याच्यामागे लागून मधला भाग लिहून घेतला, तेव्हा कुठे रचना पूर्ण झाली. मात्र प्रत्येक जॅझ रचनेला अस्ताई-अंतरा लावू नका, बारा बारांच्या ब्लूजमध्ये असा अंतरा नसतो.

आता ‘सवाल-जवाब’. इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे.

‘मोनिन’ची सुरुवात लक्ष देऊन ऐका. पियानो एकटाच एक वाक्य म्हणतो, आणि त्यावर बाकीचे सगळे मिळून दोन जड स्वरसमूह वाजवतात. पुन्हा पियानो, पुन्हा तेच दोन ठोके. दुसऱ्या आठ बारांत भूमिका बदलतात: ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाक्य म्हणतात आणि पियानोसकट ऱ्हिदमची मंडळी, म्हणजे बास आणि ड्रम्स, ते दोन ठोके देतात. हे ठोके म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधलं ‘आ-मेन’. प्रवचनकार बोलतो आणि जमलेली मंडळी आमेन म्हणून त्याला दुजोरा देते, तेच इथे वाद्यांवर आलंय.

सवाल-जवाबात चुरस असते. कलगी-तुऱ्याचा असो की सतार-तबल्याचा, समोरच्याला पेचात टाकायचं आणि त्याने त्यातून सुटून दाखवायचं. जवाब दर वेळी नवा असतो. इथे प्रतिसाद ठरलेला आहे, त्यात स्पर्धा नाही, नुसती साथ आहे. यासाठी मराठीत फार सुंदर शब्द आहे: झील. शाहीर पोवाड्याची ओळ म्हणतो आणि मागे उभे असलेले झीलकरी ‘जी जी रं जी जी’ करतात. त्यांचं काम उत्तर देण्याचं नसतं. ते ओळ उचलून धरतात, शाहिराला दम घ्यायला जागा देतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती ओळ पक्की करतात. ‘मोनिन’मधलं आमेन हेच करतं. ‘पियानो म्हणतो आणि बाकीचे झील धरतात’ असं लिहिलं की मराठी वाचकाला न ऐकताही रचना दिसेल. अंतऱ्यात ही झील थांबते, सलग चाल सुरू होते, आणि शेवटच्या आठ बारांत झील परत आली की केवढं हायसं वाटतं!

सवाल-जवाब हा शब्द टाकून मात्र देऊ नका. जॅझमध्ये वादक आणि ड्रमर चार-चार बार आळीपाळीने वाजवतात, एकाचं ऐकून दुसरा त्यावर काहीतरी काढतो. ‘ट्रेडिंग फोर्स’ म्हणतात ते. त्याला सवाल-जवाब बिनधास्त म्हणा.

या शब्दांनी टिपणातला भाग मी असा लिहीन: ‘आधी सगळे मिळून बंदिश वाजवतात. पियानोच्या प्रत्येक वाक्यावर बाकीचे झील धरतात. मग ली मॉर्गन ट्रम्पेटवर दोन आवर्तनं घेतो, त्यानंतर गोल्सन टेनर सॅक्सोफोनवर, मग टिमन्स पियानोवर. जिमी मेरिटच्या बासनंतर बंदिश परत येते.’ ‘वाजवतो’पेक्षा ‘घेतो’ बरं, आपण ताना आणि आवर्तनं घेतोच.

ध्वनिमुद्रणाचा तपशील टिपणात ठेवा, गाळू नका. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक गावात, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरी दिवाणखान्यात हे मुद्रण झालं. व्हॅन गेल्डर तेव्हा दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा. ब्लेकी पिट्सबर्गचा, बाकीचे चौघे फिलाडेल्फियाचे, आणि मॉर्गन तर जेमतेम वीस वर्षांचा.

शेवटी, ‘हार्ड बॉप’ या ब्लेकीच्या शैलीच्या नावाचं ‘कठोर बॉप’ करू नका. ‘बीबॉप’ हा त्याआधीच्या जॅझ शैलीचं नाव असलेला शब्द गाताना म्हटल्या जाणाऱ्या निरर्थक अक्षरांतून आला, तबल्याच्या बोलांसारखाच, आणि ‘तिरकिट’चं भाषांतर कुणी करत नाही. ‘हार्ड’ हे विशेषण १९५० च्या दशकाच्या मध्यात लागलं, कॅलिफोर्नियाकडच्या शांत, ‘कूल’ वादनापासून वेगळेपण दाखवायला. ब्लूज आणि चर्चचा रंग असलेलं, ठसठशीत ठेक्याचं हे वादन जोरकस आहे, कठोर मुळीच नाही. पहिल्या उल्लेखाला ‘हार्ड बॉप या जोरकस शैलीतलं’ असं लिहा, पुढे नुसतं ‘हार्ड बॉप’ पुरे.