माळ्यावरच्या चादरी आणि मोरीतली पिंपं

प्रश्न : साखर पेठेत दोन खोल्यांचं घर, वर पत्रे. लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेल्या पंचवीसेक सोलापुरी चादरी माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पडून आहेत, काहींना कसर लागलीय. सासूबाई काहीच टाकू देत नाहीत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : टाकायचं नावच काढू नका, आधी मोजा. ‘हे टाकू का?’ म्हटलं की ‘राहू दे’ हेच उत्तर येणार. ‘यातल्या वापरायला कोणत्या काढू?’ असं विचारा, सासूबाई स्वतःच निवडायला बसतील. घरात चार माणसं असतील तर माणशी दोन, म्हणजे एक अंगावर नि एक धुण्यात, शिवाय पाहुण्यांसाठी चार. बारा झाल्या. उरलेल्यांतल्या कोऱ्या पुढच्या आहेराला चालतील, त्यात कमीपणा काही नाही. फक्त आतली देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी आठवणीनं काढा!

कसर कोऱ्या चादरींनाच आधी लागली असेल. नव्या सुतावर खळ असते आणि तेच कसरीचं खाणं. त्यामुळे घरात ठेवायच्या त्या एकदा धुऊनच ठेवा. लाल आणि मरून चादरी गार पाण्यात वेगळ्या भिजवा, पहिल्या दोन धुण्यांत रंग सुटतो. मग कडक उन्हात तीन-चार तास, मधे एकदा उलटून. उन्हातून काढल्या काढल्या घडी मात्र घालू नका. कापड गरम असताना बांधलं की आत दमटपणा कोंडतो आणि कुबट वास धरतो. तासभर सावलीत पसरा, मग घडी घाला आणि जुन्या सुती धोतरात किंवा लुगड्यात गाठोडं बांधा. प्लॅस्टिक नको. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, ओला पाला डाग पाडतो. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवा, पण जरीच्या साड्यांजवळ नकोत, जर काळी पडते. दर चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला. नाहीतर चादर घडीवरच विरते.

अख्खा माळा एका दिवसात उतरवू नका. संध्याकाळी स्वयंपाकाची वेळ झाली की सगळं जसंच्या तसं परत वर जातं. एका वेळी एकच कोपरा. पत्र्याखाली सोलापूरचा मे महिना काय करतो ते ठाऊक आहेच : कुकरची रिंग कडक होते, फोटो एकमेकांना चिकटतात, औषधं बिघडतात. या वस्तू खालच्या कपाटात. आणि हो, डबे-बास्केटी आधी विकत आणू नका. काय उरतंय ते कळल्याशिवाय आणलेला डबा हीच नवी अडगळ.

प्रश्न : पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पिंपं, घागरी, कळशा, बादल्यांनी मोरी आणि व्हरांडा भरलाय. कमी कसं करू?

उत्तर : ‘भांडी कमी करा’ हा सल्ला इथे सरसकट चालत नाही. हिशेब करा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला आठ लिटर धरलं तर चार माणसांना पाच दिवसांचे 160 लिटर होतात. त्याला झाकणाचं 200 लिटरचं एक पिंप पुरतं. वापरायचं पाणी टाकीत, नसेल तर दुसऱ्या पिंपात. गळकी आणि बिनझाकणाची भांडी काढून टाका; पितळी घागरी घरी वजन करूनच मोडीत द्या.

पाणी आलं की नुसतं वरून भरू नका. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. पिंप उपडं करून आतली भिंत ब्रशनं घासा, मग भरा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा घासणं चुकवू नका.

प्रश्न : जुन्या कागदांची पेटी आहे. काय ठेवू?

उत्तर : खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, जन्म-मृत्यूचे दाखले मूळ प्रतीत कायम ठेवा. लॅमिनेशन करू नका, शिक्के आणि कागद तपासता येत नाहीत. सातबारा ऑनलाइन मिळतो, जुन्या झेरॉक्सचा ढीग नको. प्राप्तिकराचे कागद आठ वर्षं ठेवा. वीजबिलं वर्षभराची पुरेत, पण थकबाकीचा वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत जुनीही जपा. आधार किंवा बँक खात्याचा क्रमांक असलेली झेरॉक्स रद्दीत देण्याआधी बारीक फाडा.