एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीनंतर मेडिकल कॉलेज किंवा विद्यापीठाच्या संशोधन विभागात नोकरी मिळते का? तिला भविष्य आहे का?

मिळते. मी तीन वर्षं आठ महिने केली. जाहिरातीत ‘निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची’ असं छापलेलं असतं, ते शब्दशः खरं धरूनच अर्ज करा.

माझे मामा कोषागारात वरिष्ठ लिपिक होते. माझी निवड झाल्यावर पेढा खाता खाताच म्हणाले, “अकरा महिन्यांची ऑर्डर ही काय नोकरी? बी.एड. कर.” मी ऐकलं नाही. एका सरकारी मेडिकल कॉलेजात डेंग्यूच्या प्रोजेक्टवर लागले. पावसाळ्यात रोज पुण्याच्या एनआयव्हीचं, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचं, डेंग्यू तपासणीचं किट उघडायचं, रक्ताच्या नमुन्यांसाठी ९६ खणांची एलायझा प्लेट लावायची, डबा खायला साडेचार वाजायचे. रेसिडेंट डॉक्टरांच्या थिसिसची आकडेमोडही आमच्याच गळ्यात. पण सकाळी आलेल्या रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी वॉर्डात पोचायचा. विद्यापीठाच्या लॅबमध्ये हे सुख नाही, कुणी काहीही म्हणो.

मग ग्रँटचा हप्ता अडकला आणि पाच महिने पगार नाही. मामांना कळू दिलं नाही.

खरा घोळ पुढे झाला. दुसऱ्या एका मुलाखतीला अनुभवाचा दाखला हवा होता. तोवर आमच्या प्रोजेक्टच्या प्रमुख मॅडमची बदली झालेली. विभाग म्हणाला आस्थापनेत जा. आस्थापना म्हणाली, तुम्ही आमच्या मस्टरवर नव्हताच. अकरा-अकरा महिन्यांच्या चार ऑर्डरींपैकी शेवटच्या दोन मुदतवाढी तोंडी होत्या, “राहा गं तू, पत्र निघेल” अशा. ती पत्रं निघालीच नाहीत. चव्वेचाळीस महिने राबले, हिशेबात बावीसच आले.

तेव्हा प्रत्येक मुदतवाढीचं पत्र हातात घ्या, रुजू अहवालावर आवक शिक्का मारून घ्या, आणि दाखला शेवटच्या दिवशीच मागा. मॅडम कितीही चांगल्या असल्या तरी.

आकडे हवे असतील तर: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) प्रोजेक्टमध्ये एम.एस्सी.वाल्यांना साधारणपणे प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-३ हे पद मिळतं, महिना २८,००० आणि वर घरभाडं. नेट किंवा गेट परीक्षा पास असाल तर विद्यापीठात जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, बघा. जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहेत. पीएच.डी. करायचीच असेल तर तोच रस्ता बरा, हे मघाशी सांगायचं राहिलं. आणि माझा अनुभव एकाच विभागाचा आहे, सगळीकडे असंच असेल असं नाही.

भविष्याचं काय सांगू? मामांचं कागदाबाबत बरोबर निघालं, हे मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही. पण गेल्या ऑगस्टमध्ये त्यांच्या नातवाला ताप भरला, तेव्हा रात्री अकराला फोन मला आला. “डेंग्यूच्या टेस्टमध्ये एनएस-वन पॉझिटिव्ह म्हणजे काय गं?” आमच्या घराण्यात बी.एड. झालेल्या तिघी आहेत.